रॉक बोल्टमधला गंज अल्ट्रासोनिकने किती आणि कसा ओळखता येतो?

बोगदेकर

जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. बोगद्याच्या छतात आणि बाजूच्या भिंतींत २५ मिमी व्यासाचे, ३ मीटर लांबीचे रिब (पृष्ठभागावरच्या उंच कडा) असलेल्या सळईचे रॉक बोल्ट, म्हणजे खडक धरून ठेवायला भोकात बसवलेल्या सळया आहेत, आणि त्यांच्या पूर्ण लांबीत सिमेंट ग्राउट (सळई आणि भोक यांच्यातली जागा भरणारा सिमेंटचा लगदा) आहे. काही पट्ट्यांत खडकातून पाझर आहे आणि प्लेटखालून तांबूस ओघळ उतरलेत. बाहेरून नट, प्लेट, थ्रेड ठीक दिसतात. आत सळई किती शिल्लक आहे हा खरा प्रश्न.

१) साधा फ्लॉ डिटेक्टर (अल्ट्रासोनिक तपासणीचं यंत्र) आणि सरळ प्रोब (ध्वनी सोडणारा-झेलणारा भाग) घेऊन बोल्टच्या तोंडावरून तपासणी करता येते का? कोणती फ्रिक्वेन्सी?
२) दुसऱ्या टोकाचा एको आलाच नाही तर बोल्ट खराब समजायचा का?
३) पुल टेस्ट (बोल्ट जॅकने ओढून पाहणं) करून काम भागेल का?

---

प्रतिध्वनी

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आधी पहिला घेतो.

करता येते, पण निम्म्याहून अधिक यश बोल्टच्या तोंडावर अवलंबून असतं. कातरीने तोडलेल्या सळईचं टोक तिरकं आणि दबलेलं असतं. त्यावर प्रोब ठेवून काहीही वाचू नका. तोंड अक्षाला काटकोनात आणि सपाट हवं. काटकोन किती काटेकोर, याचा हिशोब सोपा आहे: तोंड २ अंशांनी कललेलं असेल तर किरण अक्षापासून २ अंशांनी सरकतो आणि २५ मिमीच्या सळईत साधारण ३६० मिमीवर बाजूच्या पृष्ठभागाला जाऊन भिडतो. २४ मिमी रुंद तोंडावर २ अंश म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जेमतेम ०.८ मिमीचा फरक. नुसत्या नजरेला तो कळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

- नटच्या बाहेर निदान १५-२० मिमी सळई शिल्लक आहे का ते पाहा. नट काढायचा नाही.
- बॅटरीच्या अँगल ग्राइंडरने तोंड सपाट करा, मग कानस मारा. वायू असलेल्या कोळसा खाणीत ठिणगी चालत नाही, तिथे फक्त हाताची कानस, आणि यंत्रही इन्ट्रिन्सिकली सेफ (वायू पेटवू न शकणारं) असल्याशिवाय आत न्यायचं नाही.
- लहान गुण्या थ्रेडच्या बाजूला टेकवून दोन दिशांनी तपासा. फटीत ०.२ मिमीचा फीलर गेज शिरला तर पुन्हा कानस.
- कपलंट (प्रोब आणि सळईमधली हवा घालवणारा थर) म्हणून छताच्या बोल्टला घट्ट ग्रीस. पातळ जेल खाली ओघळतं आणि एको मिनिटभरात पडतो.
- प्रोब दाबून धरा आणि हळूहळू फिरवा. एकाच जागी ठेवून आलेलं वाचन ग्राह्य धरू नका.

प्रोबचा क्रिस्टल १२ मिमीच्या आसपास घ्या. त्याहून मोठा घेतला तर त्याचं कवच थ्रेडच्या चॅम्फरवर (तिरप्या कापलेल्या कडेवर) येतं आणि पूर्ण संपर्क होत नाही. सुरुवात २.२५ मेगाहर्ट्झने करा, ५ मेगाहर्ट्झचा प्रोब सोबत ठेवा. पोलादात लाँगिट्यूडिनल (प्रवासाच्याच दिशेने कंप होणाऱ्या) तरंगाचा वेग सुमारे ५९०० मीटर प्रति सेकंद धरला तर २.२५ ला तरंगलांबी २.६ मिमी आणि ५ ला १.२ मिमी येते.

यंत्राची रेंज ३.५ मीटरच्या वर ठेवा. ३ मीटर जाऊन परत यायला ध्वनीला एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त लागतो. पल्स रिपीटिशन (सेकंदाला किती पल्स सुटतात ते) १ किलोहर्ट्झ किंवा त्याहून जास्त असेल तर आधीच्या पल्सचा एको पुढच्या पल्सच्या पडद्यावर येतो आणि सळईच्या मध्येच दोष असल्याचा भास होतो. ती १००-२०० हर्ट्झवर आणा. संशय आला तर रिपीटिशन बदलून पाहा: भुताचा एको जागा सोडतो, खरा एको हलत नाही.

---

बोगदेकर

धन्यवाद, प्रतिध्वनी सर. आणखी एक. सुट्या, ग्राउट न केलेल्या सळईवरसुद्धा शेवटच्या एकोमागे ठरावीक अंतराने आणखी एकोंची रांग दिसते. ते काय आहे?

---

प्रतिध्वनी

तो सळईचा स्वभाव आहे, दोष नव्हे. १२ मिमीच्या प्रोबचा २.२५ मेगाहर्ट्झचा किरण पन्नासेक मिमीवरच बाजूच्या पृष्ठभागाला भिडतो. तिथे त्याचा काही भाग शिअर (आडव्या कंपाच्या) तरंगात बदलतो, सळई आडवी ओलांडतो, पलीकडे पुन्हा लाँगिट्यूडिनल होतो आणि मुख्य तरंगाच्या मागून उशिरा पोचतो. प्रत्येक ओलांडणीला ठरलेला उशीर. पोलादासाठी पडद्यावरचं हे अंतर व्यासाच्या सुमारे ०.७६ पट येतं, म्हणजे २५ मिमीला १९ मिमी आणि २० मिमीला १५ मिमी.

हे पाठ असलं की वाचन एकदम सोपं होतं. समजा पडद्यावर ४१० मिमीला ठळक एको आहे, त्यामागे ४२९ आणि ४४८ ला उतरत्या उंचीचे आणखी दोन. नवखा माणूस तीन चिरा लिहून मोकळा होतो. तिथे परावर्तक एकच आहे, ४१० ला. पुढे ८२० आणि १२३० ला तीच रांग पुन्हा, फिकट होत गेलेली दिसली, तर ध्वनी तोंड आणि ४१० यांच्यामध्येच फेऱ्या मारतोय. ३ मीटरला काहीच नाही. अशा बोल्टची सळई ४१० मिमीवर तुटलेली आहे किंवा तुटल्यात जमा आहे.

याउलट ४१० ला लहान एको आहे, ८२० ला काही नाही आणि ३ मीटरचा एको शिल्लक आहे, तर ती अर्धवट चीर किंवा खोल खड्डा.

थ्रेड संपतो तिथे, म्हणजे पहिल्या १००-१५० मिमीत, नेहमीच एको असतो. ती लांबी मोजून आधीच कागदावर लिहून ठेवा.

---

लोहतत्त्व

गंजाच्या बाजूने भर घालते, कारण यंत्रावर काय शोधायचं हे गंज कुठे आणि कसा लागतो यावर ठरतं.

चांगल्या सिमेंट ग्राउटचा पीएच १२.५ च्या पुढे असतो. त्यात पोलादावर संरक्षक थर टिकतो आणि गंज जवळपास थांबलेला असतो. तो थर मोडायला मुख्य दोन वाटा: पाण्यातले क्लोराइड आत पोचणं, किंवा ग्राउटच तिथे नसणं. त्यामुळे बोल्टच्या लांबीभर सारखा गंज क्वचित मिळतो. तो ठरावीक जागी बसतो:

प्लेटच्या लगेच मागे, पहिल्या ३००-५०० मिमीत. छताकडे जाणाऱ्या भोकात ग्राउट तोंडाशी कमी पडतो, हवा आणि ओल दोन्ही मिळतात. सगळ्यात जास्त बोल्ट इथेच खराब होतात.

खडकातला सांधा जिथे सळईला छेदतो तिथे. सांधा थोडा जरी उघडला तरी ग्राउटला आडवी भेग पडते, त्यातून पाणी थेट पोलादावर येतं आणि २०-३० मिमीच्या पट्ट्यात सळई कमरेसारखी बारीक होते.

ग्राउटमधल्या पोकळीच्या कडेला. पोकळीत ऑक्सिजन, शेजारी झाकलेलं पोलाद, आणि दोन्हींमध्ये विद्युत-रासायनिक घट तयार होतो.

आता आकडे. २५ मिमी सळईचं क्षेत्रफळ ४९१ चौ. मिमी. सगळीकडून १ मिमी गेलं तर व्यास २३ आणि क्षेत्रफळ ४१५, म्हणजे १५ टक्के घट. ३ मिमी गेलं तर व्यास १९ आणि क्षेत्रफळ २८४, घट ४२ टक्के. ५०० मेगापास्कल यील्डच्या (कायमची ताणली जाऊ लागण्याच्या मर्यादेच्या) सळईची ताकद २४५ किलोन्यूटनवरून १४२ वर येते. ही ४२ टक्के घट २०० मिमी लांबीत हळूहळू उतरत गेली असेल, तर ध्वनीला उभी भिंत कुठेच भेटत नाही आणि स्वच्छ एको येत नाही. मला यातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटते: सर्वात घातक प्रकार सर्वात कमी आवाज करतो.

स्ट्रेस कोरोजनचं (ताण आणि गंज मिळून चीर पडण्याचं) उलट. ऑस्ट्रेलियातल्या कोळसा खाणींत बोल्ट अवचित तुटण्यामागे हे कारण आढळलं होतं. तिथे चीर अक्षाला आडवी जाते, धातू फारसा घटत नाही, पण सपाट आडवी चीर ध्वनीसाठी उत्तम आरसा असते. ती यूटीने (अल्ट्रासोनिक तपासणीने) सापडण्याची शक्यता खूप चांगली.

---

कातळ

पुल टेस्टबद्दल. पूर्ण ग्राउट केलेल्या बोल्टला बाहेरून ओढलं की भार बाँडमधून (ग्राउटच्या पकडीतून) खडकात उतरत जातो आणि आत वेगाने कमी होतो. ग्राउट बरा असेल तर मीटरभराच्या आतच तो जवळजवळ संपतो. १.८ मीटरवर सळई अर्धी खाल्लेली असली तरी हायड्रॉलिक जॅकला त्याचा पत्ता लागत नाही, आणि बोल्ट पास. तोंडाजवळचा गंज मात्र पुल टेस्ट पकडू शकते, कारण तिथे पूर्ण भार येतो. तेव्हा ती पहिल्या भागाची परीक्षा समजावी, संपूर्ण बोल्टची नाही.

दुसरं, गंजलेल्या बोल्टवर पुल टेस्ट करताना जॅकच्या अक्षात कोणीही उभं राहू नये आणि जॅक साखळीने बांधलेला असावा. सळई अचानक सुटली तर जॅकसकट खाली येते.

---

बोगदेकर

मग दुसरा प्रश्न तसाच राहतो. ३ मीटरचा एको नाही, मधेही काही नाही, पडदा कोरा. याचा अर्थ काय लावायचा?

---

प्रतिध्वनी

बोगदेकर, या धाग्यातला कळीचा प्रश्न हाच. कोऱ्या पडद्याचे निदान चार अर्थ होतात आणि त्यातला एक तर चांगला आहे.

पहिला: ग्राउट उत्तम आहे. सळईच्या बाजूने ऊर्जा सतत ग्राउटमध्ये गळते. एकेका परावर्तनात थोडीच जाते, पण ३ मीटर जाऊन ३ मीटर परत येताना कित्येक परावर्तनं होतात आणि शेवटी काही उरत नाही. शिवाय रिब प्रत्येक पायरीला थोडा ध्वनी विखुरतात.
दुसरा: गंजाने पृष्ठभाग खडबडीत आणि निमुळता झाला आहे, ऊर्जा तिथेच विखुरली.
तिसरा: सांध्यावर खडक सरकून सळई वाकली आहे, किरण बाजूला आदळला.
चौथा: तोंड किंवा कपलंट खराब.

चौथा आधी निकालात काढा. थ्रेडच्या शेवटचा एको नेहमीच्या उंचीचा येतोय का ते बघा. तोही नसेल तर पुन्हा कानस. तो ठीक असेल तर प्रोब बदला, २.२५ ऐवजी ५, मग १ मेगाहर्ट्झ.

पण इथे एक अडचण आहे जी कुठलाही प्रोब सोडवत नाही. ग्राउटमधून लांब जातात ते उच्च फ्रिक्वेन्सीचे असे मोड (सळईतून तरंग जाण्याचे प्रकार), ज्यांची ऊर्जा सळईच्या गाभ्यात एकवटलेली असते आणि पृष्ठभागावर हालचाल जवळपास शून्य असते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये २००० च्या दशकाच्या सुरुवातीला गाइडेड वेव्हवर (सळईच्या बाजूंनी बांधलेल्या तरंगांवर) झालेल्या कामात हे व्यवस्थित मांडलं गेलं. गळती कमी, कारण पृष्ठभाग हलतच नाही. आणि गंज तर पृष्ठभागावरच असतो! म्हणजे जो मोड ३ मीटर पोचून परत येतो तो दोन मिमीच्या खड्ड्याकडे फारसं लक्ष देत नाही, आणि जो पृष्ठभागाला संवेदनशील असतो तो पहिल्या मीटरमध्येच ग्राउटमध्ये जिरतो. त्यामुळे शेवटचा एको आला म्हणून बोल्टला क्लीन चिट देऊ नका. सळई तुटलेली नाही आणि गाभा सलग आहे, एवढंच त्याने सिद्ध होतं.

कमी फ्रिक्वेन्सीचा, २०-६० किलोहर्ट्झचा मार्गही आहे. ५० किलोहर्ट्झला तरंगलांबी १०० मिमीच्या आसपास. ग्राउट झालेली लांबी आणि ग्राउटमधले मोठे तुटवडे कळतात, खड्डे नाहीत. ग्राउटमधल्या सळईत या तरंगाचा वेग सुट्या सळईपेक्षा कमी भरतो, त्यामुळे सुट्या सळईचा ५१०० चा वेग टाकून लांबी काढली तर ती खऱ्यापेक्षा जास्त येते. स्वीडनमध्ये तयार झालेलं बोल्टोमीटर हे बाहेरच्या टोकातून तरंग पाठवणारं साधन मुळात ग्राउट नीट भरलंय का हे पाहायला होतं. त्याच्याकडून गंजाची खोली मागू नये.

---

लोहतत्त्व

सरांच्या मुद्द्याला एक पुरवणी. एकाच वाचनावरून निर्णय अवघड असतो, पण काळाच्या ओघातला बदल बरंच सांगतो. त्यासाठी मूळ नोंद हवी, आणि ती ग्राउट भरल्या भरल्या घ्यायची नाही. सिमेंट घट्ट होत जातं तशी गळती वाढते आणि शेवटचा एको रोज उतरतो. २८ दिवसांनंतरची नोंद मूळ धरा.

त्यानंतर शेवटचा एको ६ डीबी (डेसिबल; म्हणजे उंची निम्मी) किंवा जास्त उतरला तर साहजिकच संशय घ्यायचा. पण एको *चढला* तरी तितकाच संशय घ्या. गंज मूळ पोलादापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. तो फुगून ग्राउट फोडतो, सळई आणि ग्राउट सुटे होतात, गळती घटते आणि एको सुधारल्यासारखा दिसतो. "मागच्या वेळेपेक्षा बरा आहे" असा शेरा मारून पुढे जाण्यासारखी ती गोष्ट नाही.

---

कातळ

+१, लोहतत्त्व ताई. पण तुलनेसाठी सगळं सारखं हवं: तोच प्रोब, तोच गेन (यंत्रावरची सिग्नल वाढवण्याची पातळी), तेच ग्रीस. दर खेपेला काम सुरू करताना आणि संपवताना संदर्भ सळईवर वाचन घ्या, दोन्हींत २ डीबीपेक्षा जास्त फरक पडला तर मधली सगळी वाचनं पुन्हा.

संदर्भ सळया कशा करायच्या, ते लिहितो. बोल्ट ज्या लॉटचे त्याच लॉटच्या पाच सळया घ्या.

एक अखंड. दुसरीला १ मीटरवर आडवी २ मिमी खोल खाच. तिसरीला ५ मिमी खोल खाच. चौथीला लेथवर १५० मिमी लांबीत २५ वरून १९ मिमीपर्यंत उतरता निमुळता भाग आणि पुन्हा चढ. पाचवी अखंड, पण पाइपमध्ये ग्राउट करून. शक्य असेल तर चौथीसारखी आणखी एक ग्राउटमध्ये.

२ मिमी खोल सरळ खाच २५ मिमी सळईच्या क्षेत्रफळाच्या ४ टक्क्यांहूनही कमी भाग अडवते, ५ मिमीची १४ टक्के. परावर्तन ढोबळमानाने त्याच प्रमाणात धरलं तर अखंड टोकाच्या तुलनेत पहिली सुमारे २९ डीबी खाली, दुसरी १७ डीबी खाली. रिबचा गोंगाट किती डीबी खाली आहे ते अखंड सळईवर मोजा. गोंगाट २५ डीबी खाली असेल तर २ मिमीची खाच तुम्हाला दिसणारच नाही, आणि तसं अहवालात स्पष्ट लिहा. प्लेटच्या तपासणीतला साइड-ड्रिल्ड होलचा डीएसी वक्र (बाजूने पाडलेल्या भोकांवरून काढलेला अंतर आणि एकोच्या उंचीचा वक्र) इथे लावू नका. सळईत किरण मोकळा पसरत नाही, तो बाजूंनी बांधलेला असतो.

चौथी सळई मुद्दाम दाखवा, विशेषतः जे लोक अहवाल वाचून निर्णय घेतात त्यांना. ४२ टक्के घट असून पडद्यावर किती थोडं दिसतं ते पाहिल्यावर यूटीच्या मर्यादेवर वेगळं भाषण लागत नाही.

---

बोगदेकर

म्हणजे निवड, यूटी आणि पडताळणी असा क्रम लावायचा. कातळ, पडताळणी कशी करता?

---

कातळ

ओव्हरकोअरिंग. बोल्टभोवती १०० मिमीच्या वरच्या व्यासाचा गाभा काढायचा, सळई आणि ग्राउट आत ठेवून. मूळ भोक वाकडं असेल तर बिट सळईला घासतं, म्हणून सेटिंग करताना बोल्टच्या अक्षाची दिशा दोन प्रतलांत मोजून मगच रिग बांधा. काढल्यावर गाभा उभा चिरून आधी फोटो, पोकळ्या आणि भेगांची जागा तोंडापासून मिमीमध्ये, मग सळई बाहेर.

गंज निरोधक मिसळलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात उतरवा, धुवून वाळवा, १०० मिमीचे तुकडे करून वजन करा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने २५ मिमीला ३.८६ किलो प्रति मीटर येतं, पण तुलना त्या आकड्याशी करू नका. रोलिंगच्या टॉलरन्समुळे मूळ सळईच काही टक्के इकडेतिकडे असते. त्याच सळईचा न गंजलेला तुकडा प्रमाण धरा. खड्ड्यांची खोली टोकदार मायक्रोमीटरने, कारण वजनातली घट ५ टक्के असताना एका खड्ड्याची खोली ४ मिमी असू शकते.

ओव्हरकोअर महाग आणि वेळखाऊ, म्हणून बोल्ट नेमके निवडा: यूटीत वाईट निघालेले, कोरा पडदा आलेले आणि चांगले निघालेले, तिन्ही गटांतले. फक्त वाईट काढले तर यूटीने किती वाईट चुकवले हे कधीच कळत नाही.

---

लोहतत्त्व

निवडीसाठी पाणी तपासा. पाझराचं पाणी थेट बाटलीत, हवा न राहता भरून: पीएच, क्लोराइड, सल्फेट, कंडक्टिव्हिटी. पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दोन्ही बदलतात. थेंब थेंब ओलसर आणि अधूनमधून वाळणारी जागा सतत वाहणाऱ्या जागेपेक्षा वाईट असू शकते, कारण तिथे क्षार साचत जातात. काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा लेप दिसला तर सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंची शक्यता धरा.

---

खाणवाट

छान चर्चा. हीच पद्धत स्प्लिट सेट, स्वेलेक्स, केबल बोल्ट आणि पोकळ सेल्फ-ड्रिलिंग बोल्टना लावता येईल का?

---

प्रतिध्वनी

स्प्लिट सेट आणि स्वेलेक्स पातळ पत्र्याच्या नळ्या आहेत, तोंडावर प्रोब टेकवायला जागाच नाही. स्प्लिट सेटच्या आत कॅमेरा घालून पाहणं जास्त उपयोगी, पण खडकाला चिकटलेल्या बाहेरच्या बाजूचा गंज आरपार भोक पडेपर्यंत दिसत नाही. तिथे पुल टेस्टला वजन द्या, कारण हे बोल्ट घर्षणावर चालतात आणि पत्रा गेला की पकडही जाते.

केबल बोल्टमध्ये सात तारा असतात. एकेका तारेच्या टोकावर लहान प्रोब ठेवून तुटलेली तार शोधता येते, तीही वेज-ग्रिपच्या (तारा पकडणाऱ्या पाचरीच्या) अलीकडे-पलीकडे थोड्याच अंतरापर्यंत.

पोकळ बोल्टला क्रिस्टल भिंतीच्या जाडीपेक्षा लहान हवा, म्हणजे बहुधा ५-६ मिमी, फ्रिक्वेन्सी ५ मेगाहर्ट्झ. तोंडावर घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी चार वाचनं घ्या. पहिल्या कपलरवर (दोन तुकडे जोडणाऱ्या भागावर) बहुतेक ध्वनी थांबतो, त्यापुढच्या भागाबद्दल अहवालात "तपासणी शक्य नाही" असंच लिहायचं.

सगळ्यात सोपं काम एक्सपान्शन शेलच्या (भोकाच्या टोकाला फाकून पकडणाऱ्या कवचाच्या), ग्राउट नसलेल्या बोल्टचं. बाजूने गळती नाही, शेवटचा एको ठणठणीत येतो, खाचाही दिसतात. फक्त त्यात ताण असतो, आणि ताणाखाली सळई थोडी लांबते व ध्वनीचा वेगही थोडा घटतो. २०० मेगापास्कल ताणाला ३ मीटरचा बोल्ट पडद्यावर साधारण एक सेंटिमीटर लांब दिसतो. ती चूक समजून वेग बदलू नका. पुढच्या खेपेला तो सेंटिमीटर नाहीसा झाला असेल, तर शेल सरकला आहे किंवा प्लेटखालचा खडक सुटला आहे, आणि त्या बोल्टकडे गंजाआधी लक्ष द्यावं लागेल.